कोरा सापळा

“तीन वर्षांत या चिकट सापळ्याला एकही किडा चिकटला नाही, काका,” संग्रहालयातलं पक्ष्यांचं दालन सांभाळणारी बाई अभिमानाने म्हणाली. काचपेटीतला निळा पक्षी काकांनीच तरुणपणी पेंढा भरून तारेवर उभा केलेला. तशी पाखरं जगात उरली नव्हती. तिने तो डोळ्यांत तेल घालून जपला होता, कीड शिरू नये म्हणून काचेच्या फटी मेणाने बुजवल्या होत्या. काकांना आता दिसेनासं झालं होतं. निदान हात तरी लागावा, एवढ्यासाठी आज पेटी उघडली. त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं, आणि अख्खा पंख अलगद तळहातावर उतरला. मागोमाग भुसा ओघळत राहिला. “तू फटी बुजवल्यास तेव्हा कसर आतच होती, पोरी.” “पण सापळा...” “तो पेटीबाहेर. भरलं ताट सोडून बाहेर कोण येतं?” काकांनी दुसरा हात पुढे केला. “उरलेला पक्षी दे.” पेटीत नुसती तार उभी होती.