सीलबंद रेकॉर्ड

कुलदीप आणि विनायक, दोघांनाही जॅझचं वेड, तेही असं बेबंद, बिनतालाचं, की घरची माणसं कानावर हात ठेवत. कुलदीप पांढुर्ण्याचा, विनायक जाम नदीपलीकडच्या सावरगावचा. विनायकच्या एका दुर्मिळ रेकॉर्डवर कुलदीपचा डोळा होता, पण विनायक तिला हात लावू देत नसे.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून गोटमार, म्हणजे दोन गावांची परंपरेची दगडफेक, चालू होती. घरी जायला वळलेल्या विनायकच्या कानामागे दगड लागला आणि तो गेला. गोटमारीतला दगड कोणाचा, हे इथे कोणी विचारत नाही. कुलदीपला मात्र माहीत होतं. तेरवीला त्याने ती रेकॉर्ड आठवण म्हणून मागून आणली.

आज भरदुपारी विनायकची बायको गायत्री आली. हातात त्याच रेकॉर्डची नवी आवृत्ती, सीलबंद.

"तुमच्यासाठीच मागवली होती त्यायनं, भाऊजी. लावा, मीबी ऐकतो."

सॅक्सोफोन किंचाळून थांबला आणि त्या शांततेत आवाज आला. टक. दगडावर दगड.

कुलदीपने घाईघाईने जुनी रेकॉर्ड लावली. तिच्यात हा आवाज कधीच नव्हता. टक. आता जवळून.

त्याने सुई उचलली. तबकडी थांबली.

टक. खिडकीपाशी.

"वहिनी, बाहेर कोणी दगड मारून राहिलं का?"

गायत्रीने चहाचा कप शांतपणे खाली ठेवला.

"दगड कोणाचा, हे कोणी विचारते का, भाऊजी?"

आणि तिने आपली खुर्ची त्याच्यापासून बाजूला सरकवली.