काशातली कढी

टेबलावर पाच ताटं मांडली होती. चार काशाची, चिंच लावून लखलखीत घासलेली, आणि मेघाच्या पुढ्यात तेवढं स्टीलचं. तिच्या मनात पाल चुकचुकली. याआधी दोनदा ती कामिनीताईंकडे जेवली होती, ती काशाच्याच ताटात. मध्ये एवढंच झालं होतं की ऑफिसातल्या या सगळ्याजणी वाडीला तिचं नवं घर पाहायला आल्या, आणि हॉलमधल्या बुद्धमूर्तीपुढे कामिनीताई जरा जास्तच वेळ थांबल्या.

तिची नजर कामिनीताईंनी बरोबर हेरली.

"तुले कढी आवडते म्हणून स्टील ठेवलं वं," वाढता वाढता त्या म्हणाल्या. "काशात आंबट कळकते."

खरंच होतं ते. मेघाची आईसुद्धा काशाच्या भांड्यात ताक ओतू देत नसे. आपण उगाच भलतं मनात आणलं, म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

कामिनीताईही जेवायला बसल्या. मेघाने कढीची स्टीलची वाटी तोंडाला लावली आणि सहज इकडेतिकडे पाहिलं. बाकी चौघींच्या काशाच्या वाट्यांमध्ये काठोकाठ कढी होती.

तिने आपली वाटी संपवली आणि ती रिकामी वाटी शांतपणे कामिनीताईंच्या ताटाशी सरकवली.

"ताई, तुमची कढी यात ओता. नाही तं कळकन."

"राहू दे वं," म्हणत कामिनीताईंनी आपलं ताट अलगद मागे ओढलं.