घराण्याची पकड

“हे सुनेच्या माहेरचं,” आप्पासाहेब म्हणाले. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांचं बोलणं अजून पुरं व्हायचं होतं.

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. नात ज्ञानेश्वरी धावायला निघाली की तिचे पाय आखडतात, ती पडते. मूठ मिटली की लवकर उघडत नाही. हा स्नायूंचा आजार. जिवाला धोका नाही. पण जनुकातून येतो, आईकडून किंवा वडिलांकडून.

“आमच्याकडं शोधू नका,” आप्पासाहेब हसले. “आमच्या वडलांनी धरलेला गडी आखाड्यात कधी सुटला न्हाई. सगळं घर धिप्पाड. तिसगावात म्हनत्यात, पकड बघावी तर ह्या घराण्याची.”

ते खरंच होतं. आप्पासाहेबांनी बाजारात कुणाचा हात धरला की तो बराच वेळ सुटत नसे. लोकांना भरून यायचं. एवढी माया हल्ली कोण करतं? त्या हातावर ते सरपंच झाले, पुन्हा झाले. खुर्चीही तशीच धरतात, एवढंच विरोधक म्हणत. मुलगा कल्याण गाडी थांबल्यावरही स्टिअरिंग धरून बसायचा. घरात त्याला जबाबदार म्हणत. सून राजेश्वरीच्या हातून एकदा पंगतीत ताट निसटलं होतं. ते मात्र घर अजून विसरलं नव्हतं.

“आमचं ठरलंय,” आप्पासाहेब उठले. “ही पोरीला घेऊन माहेरी जाईल. कल्याण सोडचिठ्ठी देईल. फुडचा वंश तरी निरोगी निघंल.”

कल्याण फरशीकडे बघत राहिला. राजेश्वरीने लेकीला जवळ ओढलं.

आप्पासाहेबांनी निरोपासाठी डॉक्टरांचा हात हातात घेतला. सवयीप्रमाणे, करकचून.

“येतो मग.”

डॉक्टर हात मागे घेऊ लागले. तो आला नाही.

“आप्पासाहेब, हात सोडा.”

“सोडतो की.”

बोटं तशीच राहिली. आप्पासाहेबांनी दुसऱ्या हाताने आपलं एक बोट उचकटून पाहिलं. डॉक्टर आता हात ओढत नव्हते. ते त्या बोटांकडे बघत होते. मग त्यांनी कल्याणकडे पाहिलं. कल्याणने दोन्ही हात खिशात घातले.

ज्ञानेश्वरी आईजवळून उठली. तिने आजोबांच्या मनगटावर हात ठेवला.

“जोर नका लावू, आप्पा. आपोआप सुटतंय. माझं बी असंच हुतं.”