बिनआवाजाचे ब्रेक

"यातला आवाज कोणता करत नाही, तेवढं सांगा," ग्रंथपाल म्हणाले.

काउंटरवर ब्रेक पॅडची तीन खोकी होती. दुकानदाराने पहिलं बोटानेच बाजूला सारलं. "हे तुमच्या गाडीत आहेत तेच. धातूचा भरड चुरा दाबून केलेले. स्वस्त, पण केकाटतात, आणि वर चाकाची डिस्क खातात." दुसरं बरं होतं. तिसऱ्याचं सील त्याने समोरच फोडलं. सिरॅमिकचे पॅड, कडा तिरक्या तासलेल्या, पाठीला थरथर शोषून घेणारा रबराचा थर. ग्रंथपालांनी नवं पुस्तक पाहावं तसा पॅड उलटासुलटा करून पाहिला. त्याच्यावरचा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडला. मग नाकाला लावला.

"खाऊन बघताय की काय साहेब?" दुकानदार हसला.

"हेच द्या." किंमतसुद्धा त्यांनी विचारली नाही. प्रश्न अब्रूचा होता.

अब्रूचं काय सांगावं! दिवसभर लोकांना 'हळू बोला' म्हणणारा हा माणूस, आणि याचीच गाडी रोज संध्याकाळी इमारतीच्या फाटकाशी बोंब मारत थांबायची. पोरं कानात बोटं घालायची. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडायची. तिथे सिस्टर राहायच्या. जन्मभर इस्पितळातले वॉर्ड हाकलेले, त्यामुळे आवाज खणखणीत. मोतीबिंदूने खालचं काही धड दिसत नसे, पण कान असे तिखट, की शेजारच्या घरात चमचा पडला तरी कळायचं. "आलात का हो ग्रंथपाल? अहो, कळलं साऱ्या गावाला! त्या गाडीचं नरडं दाबा एकदा!" एक दिवस चुकला नाही. ग्रंथपाल मान खाली घालून गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये लावत आणि जिना चढत. उत्तर त्यांनी कधी दिलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या आपल्या दाराचं लॅच आपणच किल्लीने उघडत. बायको गेल्यापासून ते दुसऱ्या कुणी उघडलंच नव्हतं.

शेजारच्या गॅरेजात मेकॅनिकने नवे पॅड बसवले. "थोडे दिवस करकचून ब्रेक मारू नका, पॅड नीट बसू द्या. आता बघा साहेब, तुम्ही कधी आलात, कधी गेलात, कुत्र्यालासुद्धा कळणार नाही."

"हेच तर हवं होतं!" ग्रंथपाल खूश झाले.

त्या संध्याकाळी गाडी फाटकाशी अलगद थांबली. ग्रंथपालांनी काचेतून वर पाहिलं. खिडकी बंद. जिरली, ते मनात म्हणाले, आणि चक्क शीळ घालत घरी गेले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी शीळ काही आली नाही. त्यानंतर एकदा त्यांनी गाडीचं दार मुद्दाम जोरात आपटलं. अशी दारं दिवसभर आपटतच असतात. वर पडदासुद्धा हलला नाही.

घरात येऊन ते बूटही न काढता खुर्चीत बसले. सकाळपासून त्यांना नावाने कुणी हाक मारली नव्हती. वाचनालयात लोक पुस्तकाचं नाव विचारत, त्यांचं कोण विचारणार? 'आलात का?' रागाने का होईना, हे विचारणारं जगात एक माणूस होतं. तेही आपण हौसेने गमावलं. उद्या आपण इथेच आडवे झालो, तर वास सुटेपर्यंत कुणाला पत्ता लागायचा नाही. त्यांना फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयातून तडक गॅरेजात गेले.

"माझे जुने पॅड आहेत का हो अजून?"

"ते कधीच भंगारात गेले. का? नवे लागत नाहीत नीट?"

"लागतात. फार छान लागतात."

मग ते दुकानात गेले आणि पहिलं खोकं मागितलं. दुकानदार त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. "साहेब, लोक वाईट टाकून चांगलं घेतात. तुमची गंगा उलटी कशी वाहायला लागली?" आता याला काय सांगायचं? 'माझ्यावर कुणीतरी ओरडावं म्हणून' असं का कुणी सांगतं? ग्रंथपाल ओशाळले आणि रिकाम्या हातांनी घराकडे निघाले.

गाडी लावून ते जिन्याच्या वळणावर आले आणि जागीच थांबले. वर, त्यांच्याच दारापुढे, एक किल्लीवाला हत्यारं मांडून उकिडवा बसला होता. त्याच्यामागे कठडा घट्ट धरून सिस्टर उभ्या होत्या. पायांत घरातल्याच सपाता. दोन मजले त्या चाचपडत उतरल्या असणार. दोघांचंही खाली लक्ष नव्हतं.

"उघडा म्हणते ना!" सिस्टर म्हणत होत्या. "इतके दिवस झाले, गाडीचा आवाज नाही. म्हणजे गाडी हलली नाही. गाडी हलली नाही म्हणजे माणूस हलला नाही! भर दुपारी येऊन बेल वाजवली, बोट दुखेस्तोवर. आत एकटाच पडला असेल हो."

"पण बाई, परक्याचं लॅच मी कसं तोडू? उद्या माझ्याच मानेवर बसायचं. तुमचे कोण लागतात हे?"

सिस्टरांनी कठड्यावरचा एक हात सोडून दाराचा आधार घेतला.

"कोणी लागत नाही," त्या म्हणाल्या. तो खणखणीत आवाज पार बसला होता. "पण अख्ख्या दिवसात मी ज्याच्याशी बोलते, असा हा एकच माणूस आहे."