बिलाचा मान

वेटरनं बिल बडीशेपेच्या वाटीखाली दाबलं आणि सवयीनं रविराजपुढं सरकवलं. गल्ल्यावरच्या मालकानंही कार्डाचं मशीन हातात घेतलं. इंदापूर रस्त्यावरच्या या धाब्यावर बिल कुणाचं, हे विचारायची पद्धतच नव्हती. रविराज टेबलाला असताना दुसऱ्या कुणाचं पाकीट बाहेर निघालंय, असं कधी झालंच नव्हतं.

रविराजनं खिसा चाचपला. खिशात पेट्रोलपुरते पैसे होते आणि कार्ड नव्हतं.

समोर रामहरी आणि कुंडलिक बसले होते, शाळेपासूनचे दोस्त. रामहरी सोमेश्वरनगरला ट्रॅक्टरनं ऊस ओढायचा, कुंडलिक जळोचीच्या कडेला ढबू मिरची पिकवायचा. बारामतीच्या एमआयडीसीत पगारावर लागलेला एकटा रविराज. पहिला पगार झाला त्या दिवशी बिल त्यानं दिलं, आणि तेव्हापासून तो मान त्याच्याकडंच राहिला. कुणी खिशाकडं हात नेला की गड्याला अपमान वाटायचा. "मी असताना?" म्हणायचा आणि ऐटीत क्रेडिट कार्ड काढायचा.

ते कार्ड त्यानं घरच्या रिवाजानं वापरलं, तिथंच घोळ झाला. त्याच्या घरी वर्षभर किराणा उधारीवर यायचा. कारखान्याचं उसाचं बिल आलं की वडील सगळं एकदम भागवायचे. दुकानदार व्याजाचं नाव काढायचा नाही, उलट चहा पाजायचा. रविराजला वाटलं, बँकही तशीच थांबत असेल. महिन्याला कमीत कमी जेवढं भरायला लागायचं तेवढंच तो भरायचा आणि बाकीचं दिवाळीच्या बोनसवर ढकलायचा. बोनस आला तेव्हा कळलं, की खाल्लेल्या जेवणापेक्षा व्याजच जास्त झालंय.

बायकोला, अनिताला, हे सांगताना तो रडला होता. तिनं आदळआपट केली नाही. कार्ड कात्रीनं कापलं. पगार झाला की ती आधी बँकेचे पैसे बाजूला काढायची आणि उरलेल्यात घर चालवायची. मग नव्या मोबाइलचं नाव निघालं नाही, लग्नकार्यातले आहेरही बेताचे झाले. दीड वर्ष असंच गेलं आणि काल शेवटचा हप्ता फिटला. अनितानं पुरणपोळी केली. रविराज पोटभर जेवला आणि कित्येक महिन्यांनी गाढ झोपला.

या दीड वर्षात दोस्तांना मात्र त्यानं टाळलं होतं. बिल न देणारा रविराज त्यांना कशाला हवा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आज दोघं कंपनीच्या गेटवरच येऊन उभे राहिले, म्हणून सुटका झाली नाही.

मालक मशीन घेऊन टेबलापाशी आला. 'लिहून ठेवा' म्हटलं असतं तर त्यानं आनंदानं लिहून ठेवलं असतं. रविराजच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तसं म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून तेच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं बिल उचललं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"माझ्याच्यानं न्हाय व्हायचं," तो खाली बघत म्हणाला. "कार्डाच्या कर्जात गळ्यापर्यंत गेलो होतो. आत्ता कुठं बाहेर आलोय. आजचं तुमी द्या."

बोलून झालं आणि त्याला एकदम हलकं वाटलं. आता दोस्ती तुटली तर तुटली, पण खोटी ऐट तरी संपली होती.

मग कुंडलिकनं बिलावर झडप घातली. रामहरीनं त्याचं मनगट धरलं.

"सोड. आज माझं."

"व्वा. तुझं कसं? मी मोठा हाय."

दोघांची भर दुपारी टेबलावर झटापट जुंपली. मालक मशीन घेऊन तसाच उभा. रविराज बघतच राहिला. शेवटी बिल रामहरीच्या हाती लागलं, पण त्यानं पैसे काढले नाहीत. त्यानं वेटरला हाक मारली.

"हे ने माघारी, गड्या. ह्यो एकटाच पैसं भरतो म्हणून आमी इतकी वर्सं हितनं अर्ध्या पोटानं उठतोय. दोन ताटं मटण आन, आज जेवायचंय."