कोठीत काही हरवत नाही

चौथ्या दिवशी दुपारी फोटो सापडला. कोठीवाल्याने कानटोपी मागे सारली आणि शेजारच्या स्टुलावर बसलेल्या क्रेन-तपासनिसाला कोपराने ढोसलं.

"हा बघ. तुझाच हूक ना?"

तपासनीस पडद्याला नाक लागेल इतका वाकला. क्रेनचा हूक, हुकाच्या मानेशी केसाएवढी भेग, आणि भेग कुठे ते दाखवायला टेकवलेला एक तेलकट अंगठा.

"अंगठा माझा," तो म्हणाला. "म्हणजे पाठवला होता मी! काका, मी पाठवला होता!"

एवढंच एक वाक्य छातीठोक म्हणता यावं म्हणून तो चार दिवस त्या गारठ्यात बसून होता. हूक तुटला तेव्हा खाली त्याचा सख्खा थोरला भाऊ होता. मुकादम म्हणाला, भेगेचं मला कुणी कळवलंच नाही. स्वतःचा फोन दाखवावा, तर त्याचाही हुकाखालच्या ढिगाऱ्यात चुरा झालेला. आणि वहिनी दाराआडून म्हणाली होती, "तुम्ही बघितलंच नसणार, भाऊजी." तेव्हापासून त्याला स्वतःलाही वाटायला लागलं होतं, की आपण बघितलंच नसणार.

आता ही कोठी काही धान्याची नव्हे. कंपनीत कुणी जे टिपलं, जे बोललं, जे खरडलं, ते सगळं थंड ठेवलेल्या या संगणकांच्या कपाटांत येऊन पडे. फोटो, कॅमेऱ्यांची चित्रणं, फोनवरची भांडणं, कुणाच्या वाढदिवसाचा केक. साहेब शिंकले, तर शिंकेच्या तीन प्रती तीन कपाटांत. जागा भरली की नवं कपाट शेजारी उभं करायचं; जुनी कपाटं आपलं ओझं आपणहून नव्याला वाटून देत. जावाजावांत इतका समजूतदारपणा नसतो. पहिल्या वर्षी एकच कपाट होतं. तिसऱ्या वर्षी कोठीने जेवणघर गिळलं, पाचव्या वर्षी नकाशेवाल्यांची खोली, आणि माणसं जिन्यात उभ्याने डबे खाऊ लागली. नाव मात्र कुणी कशालाच देत नसे. हुकाचा फोटो आकड्यांची लांबलचक माळ गळ्यात घालून केकाच्या फोटोला चिकटून बसे. "आपल्याकडे काही हरवत नाही," असं कोठीवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि ते शंभर टक्के खरं होतं. सापडत नसे, ही गोष्ट वेगळी.

एकाचं शेपूट हातात आल्यावर बाकीचे मुकाट मागून आले. एकेचाळीस सकाळींचे एकेचाळीस फोटो. केसाएवढी भेग दोऱ्याएवढी झाली, दोऱ्याएवढी होती ती काडीएवढी. शेवटच्या फोटोबरोबर आवाजही होता. कोठीवाल्याने बटण दाबलं.

"मुकादम, आजही उत्तर नाही आलं. नियमाप्रमाणे चालू ठेवतोय. पण एकदा बघा हो."

अकरा यार्डांना मिळून मुकादम एकच होता. त्याचा नकार आला तरच क्रेन थांबवायची, असा नियम.

"ऐकलंत?" तपासनीस उठूनच उभा राहिला. "आणि म्हणतो, कळवलं नाही! खोटारडा मेला! काका, थांबा, वहिनीला सांगतो आधी." त्याने टेबलावरचा फोन ओढला आणि नंबर फिरवू लागला. दोनदा चुकला.

तेवढ्यात कोठीवाल्याने हे फोटो कुणीकुणी उघडले ते काढून बघितलं. खोडच तशी. एकेचाळीसही फोटोंपुढे एकच नोंद होती, आजची, त्याची स्वतःची. त्याच्याखाली होती फोटोंची वाट: यार्डातून निघून, मुकादमाच्या फोनला वळसा घालून, थेट कोठीत. आणि ही वाट कुणी आखली, त्याचं नाव.

ते नाव त्याला अनोळखी नव्हतं. चार महिन्यांपूर्वी मुकादम इथेच, याच स्टुलावर बसून कुरकुरला होता. "काका, यार्डातल्या फोटोंनी फोन तुडुंब भरलाय हो. नातवाचा एक फोटो मावत नाही." दोन मिनिटांचं काम. कोठीवाल्याने ते चहा निवायच्या आत केलं होतं आणि वर म्हणाला होता, "इकडे पाठवा सगळं. आपल्याकडे जागाच जागा. हवं तेव्हा उघडून बघा." मुकादमाने मान डोलावली होती. कोठीवाल्याला त्या दिवशी जेवण गोड लागलं होतं.

पडद्यावरचं ते अक्षर तपासनिसाला कळण्याजोगं नव्हतं. एक बोट हलवून ते पान बंद केलं असतं, तर कोठीवाल्याला मुकादमाच्या नावाने खडे फोडून हात झटकता आले असते. एवढ्या पसाऱ्यात पुन्हा शोधायला ब्रह्मदेव आला असता, तरी तोही चार दिवसांत कंटाळून गेला असता.

"वहिनी? वहिनी, ठेवू नका! सापडले! एकेचाळीस आहेत! नाही, शपथेवर. माझ्यावर नका विश्वास ठेवू, थांबा, ज्यांनी शोधले त्यांच्याशीच बोला." आणि त्याने फोन कोठीवाल्याच्या कानाला लावलाच.

"पाठवले होते ताई त्याने," कोठीवाला म्हणाला. "एकही दिवस चुकला नाही. सगळे सुखरूप पोहोचले."



"पोहोचले," वहिनी म्हणाली. "कुणाकडे?"

तपासनीस बाहीने नाक पुसत होता. चार दिवसांत पहिल्यांदाच हसत होता.

"माझ्याकडे," कोठीवाला म्हणाला.