भाऊसो सुभेदारांचा बार

“गोळी पाठीत लागली, एवढं इसरू नका,” अजमल हवालदार म्हणाले. “पळत्या माणसाला मागनं गोळी घालायची, ह्याला स्वसंरक्षण म्हनत न्हाईत. त्यो मनुष्यवधच.”

“आवं हवालदार,” भाऊसो सुभेदारांनी कप बशीत आपटला, “मानूस आंगावर आल्यावर पाठ-पोट बघाय येळ असतो व्हय?”

नागझरवाडीत गुंडाच्या चहाच्या हॉटेलात पंधरा दिवस हेच चाललं होतं. पाटणकडच्या एका बागायतदाराने फार्महाऊसच्या आवारात शिरलेल्या माणसावर गोळी झाडली. माणूस गेला आणि साताऱ्याच्या कोर्टात खटला उभा राहिला. स्वसंरक्षण की सदोष मनुष्यवध? टीव्हीने हा प्रश्न घरोघरी पोचवला आणि गावात सरळ दोन तट पडले. गुंडाने तर बाकंसुद्धा वाटून दिली. उजवीकडे स्वसंरक्षण, डावीकडे मनुष्यवध. चहा मात्र दोन्हीकडे सारखाच पाणचट.

उजव्या बाकाचे पुढारी भाऊसो. गावातली एकुलती एक परवान्याची बंदूक त्यांची, आणि ती त्यांनी चालवूनही दाखवली, असं सारं गाव सांगायचं. दोन वर्षांपूर्वी, लोकसभेच्या प्रचारात, सगळं गाव देवळापुढच्या सभेला गेलं असताना भर दुपारी त्यांच्या मळ्यात चोर आला. विहिरीवरची मोटर तो काढणार, एवढ्यात भाऊसोंनी हवेत बार काढला. बार एवढा दणदणीत होता, की सभेतल्या पुढाऱ्याचं लांबलेलं भाषण जागच्या जागी आटोपलं. गाव त्यासाठीही सुभेदारांना मानत होतं.

“म्या देवळाच्या पायरीवनं बघितलं,” गुंडा सांगायचा. “उसाच्या कडंनं दोन टाळकी पळतेली. पार ओढ्यापतोर! मधी चार हात बी अंतर न्हवतं.”

अजमल हवालदारांकडे असलं काही सांगायला नव्हतं. त्यांची सारी नोकरी तालुक्याच्या ठाण्यात, जमा झालेल्या वस्तूंच्या खोलीत गेली. गेल्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा अंगाला कुलपांच्या तेलाचा वास येत होता म्हणे.

आज संध्याकाळी ग्रामसभेत ग्रामसुरक्षा दलाचा प्रमुख निवडायचा होता. नावं दोनच, भाऊसो आणि अजमल. भाऊसोंना ते पद हवंच होतं. शिट्टी त्यांनी आधीच आणून ठेवली होती.

त्यात साताऱ्याहून एका वाहिनीची संयोगिता नावाची बातमीदार कॅमेरा घेऊन आली. खटल्यावर गावाचं मत हवं होतं. खरोखर चोरावर बार काढलेला माणूस इथे आहे, हे कळताच ती हरखली. सगळं लटांबर भाऊसोंच्या मळ्यातल्या घराच्या अंगणात गेलं. त्यांच्या बायको रंगूबाई सोप्यात शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर मान करून पाहिलं आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

“तुम्ही पाठलाग करत होतात,” संयोगिताने माइक पुढे केला. “पाटणच्या खटल्यात पाठीतल्या गोळीचाच प्रश्न आहे. तुम्ही नाही घातली. का?”

भाऊसोंनी मिशीवरून बोट फिरवलं. “पळत्या मानसाच्या जिवाचं काय व्हतं, ते मला चांगलं ठावं हाय, ताई.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. डाव्या बाकावरच्या दोघांनीही वाजवल्या.

“हवालदार, तुमचा काही आक्षेप?”

“न्हाई. सुभेदारांच्या बाराबद्दल मला काय बोलायचं न्हाई.”

आता पडले थंड, असं कुणीतरी मागून म्हणालं.

“आणि काकू तेव्हा कुठे होत्या?”

“ही?” भाऊसो हसले. “कणगीमागं लपून बसलीती. थरथर कापत. बायकामानसाचं काळीज केवढं!”

रंगूबाईंची बोटं शेंगांत थांबली.

“बंदूक आणि परवाना कॅमेऱ्यावर दाखवता?” संयोगिताने विचारलं.

“दावतो की. अगं ए, बंदूक आन, पेटीतली कागदं बी आन.”

“ताई, कागदं कशाला?” हवालदार घाईने म्हणाले. “बंदूक बघा, लय झालं.”

“का वं? आता का घाम फुटला?” भाऊसो गरजले. “आन गं तू!”

दोन वर्षांत नवऱ्याचं एवढ्या तातडीने रंगूबाईंनी कधी ऐकलं नव्हतं. त्या उठल्या, आत गेल्या, बंदूक भाऊसोंच्या हातात दिली आणि कागद थेट संयोगिताच्या. परवान्याला टाचणीने एक पावती लावलेली होती. संयोगिताने ती कॅमेऱ्यासमोर वाचायला घेतली.

“निवडणूक आचारसंहितेमुळे बारा बोअरची एक बंदूक ठाण्यात जमा. जमा मार्च, परत जून. सही, अजमल...” ती थांबली. “ती सभा कधी होती?”

“मे म्हयन्यात,” गुंडा उत्साहाने म्हणाला, आणि मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

हवालदार स्वतःच्या चपलांकडे बघत होते. “म्हनून म्हनलं, कागदं नगो.”

भाऊसोंच्या हातातली बंदूक एकाएकी फार जड झाल्यासारखी खाली आली. संयोगिताने माइक हळूच दुसरीकडे वळवला.

“मग बार कुणी काढला?”

“म्या,” रंगूबाईंनी पदराला हात पुसले. “दिवाळीतला सुतळी बॉम्ब उरलाता एक.”

“आवं पर वैनी,” गुंडा रडकुंडीला आला, “म्या डोळ्यांनी बघितलं की! दोघं पळत व्हते!”

“व्हय की, पळत व्हते,” रंगूबाई म्हणाल्या. “म्होरं हे, मागं चोर.”